आठ्या गेल्यावर

रिक्षा जटपुरा गेटच्या थोडी अलीकडे अशी करकचून थांबली की माझं कपाळ ड्रायव्हरच्या पाठीमागच्या लोखंडी दांडीवर आपटलं. समोर एक गाय रस्त्याच्या मधोमध उभी होती आणि तिला कसलीच घाई नव्हती. रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. "लागलं तं नाई ना, मॅडम?" असं विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या चेहऱ्यावरून नजर फिरवून स्वतःच सांगून टाकलं, "नाई लागलं." मग तो गायीशी भांडायला लागला. मला चांगलंच लागलं होतं. डोळ्यांपुढे काजवे चमकले होते, दाताखाली जीभ आली होती, भुवईच्या वर टेंगूळ येणार हे हाताला कळत होतं. पण राग आला तो लागल्याचा नाही. या माणसानं प्रश्न मला विचारला आणि उत्तर माझ्या कपाळाकडून घेतलं, याचा आला. गेले काही आठवडे सगळं चंद्रपूर माझ्याशी असंच वागत होतं. माझ्या टेलिफोन ऑफिसातली पूनम म्हणाली होती, "मॅडम, तुमी तं लग्नाच्या टायमापेक्षाही लहान दिसून राह्यल्या." भाजीवाली म्हणाली, बाई, किती निवांत झाल्या तुमी. निवांत! त्या निवांत कपाळाच्या आत काय चाललं होतं ते माझं मला ठाऊक. आणि चंद्रपूरचं सोडा, चंद्रपूर माझं कोण लागतं? पण माझा नवरा, घनश्यामही? रिक्षा पुन्हा सुरू झाली तेव्हा मी हात कपाळावर दाबून बसले होते आणि हाताखालची कातडी एखाद्या परक्या बाईची असावी तशी गप्प होती. दुखल्यावर कपाळ आक्रसतं, तेवढंही ते करत नव्हतं.

माझं डोकं वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी दुखायला लागलं. डाव्या भुवईच्या आत, अगदी हाडाला लागून सुरू व्हायचं आणि मग मागे मानेपर्यंत कोणीतरी ओली दोरी पिळत नेतंय असं. उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास तर मुळीच नको. आमचं गाव आरमोरीच्या अंगाला. वडील देवाजी तळ्यात जाळं टाकायचे, आणि तळ्यावर सकाळी जे ऊन चमकतं ते बघवत नसे म्हणून मी मासोळीची टोपली डोक्यावर न घेता तोंडापुढे धरून चालायची. आमच्याकडे दुखण्याला खूण लागते. डोक्याला फडकं बांधून बसलं की त्या माणसाला कोणी काम सांगत नाही. न बांधता बसलं तर तो आळशी. आई, भागीरथा तिचं नाव, हिनं माझ्या दोन्ही कानशिलांवर बिब्ब्याचा चटका देववला. दुखणं थांबलं नाही, पण चटक्याचे काळे डाग उठले आणि त्या डागांकडे बघून शाळेतले गुरुजी मला उन्हातल्या कवायतीतून सूट द्यायला लागले. डाग वर्षभरात विरले. मग सूटही विरली. मला मात्र कण्हायला कधी जमलं नाही. फडकं बांधायचीही लाज वाटे. दुखलं की मी अधिकच ताठ चालायची, कामं अधिकच नीट करायची. कोणाला दाखवायचं नाही, हा माझा तोरा. आता वाटतं, तोरा कसला, कोणीतरी न सांगता ओळखावं म्हणून धरलेला तो हट्ट होता.

आणि ओळखलं ते घनश्यामनं. लग्नानंतरची पहिली मंडई होती. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, दंडारीचा नाच रंगतो, नाटक येतं आणि प्रत्येक घरात पाहुण्यांची रीघ लागते. त्या दिवशी सुनेचं काय होतं ते सुनेनंच सांगावं. सकाळपासून तीन चुली पेटलेल्या, कढईत भजी, दुसरीकडे मासोळीचा रस्सा, लाऊडस्पीकर थेट ओसरीच्या तोंडावर. नवी सून मीच. माझं डोकं आदल्या दिवसापासून ठणकत होतं आणि मी पाहुण्यांना हसून पाणी देत होते. अंगणाच्या पलीकडे घनश्याम पाहुण्यांबरोबर बसला होता. तिथून तो उठला, सरळ माझ्यापाशी आला, माझ्या हातातली बादली घेतली आणि आईला म्हणाला, "माय, हिचं डोकं दुखून राह्यलं. निजू दे हिले." मी त्याला काही बोलले नव्हते. कोणालाच बोलले नव्हते. सासू रुखमाबाई म्हणाल्या, "तुले कसं समजलं गा?" तो म्हणाला, "पाह्य ना तिचं कपाळ." मी आतल्या कोठीत धानाच्या पोत्यांना टेकून अंधारात पडले आणि रडले. दुखत होतं म्हणून रडले नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि तोही मी मागितला नसताना. त्या दिवशी मी त्या माणसाला माझं सगळं देऊन टाकलं. त्यानंतर प्रत्येक मंडईला तो एकटाच गावी जायचा आणि घरच्यांना ठणकावून सांगायचा, तिले जमत नाई.

घनश्याम मोहर्लीच्या जंगलात वनरक्षक. आम्ही राहतो चंद्रपुरात, तो मोटरसायकलनं जाऊन येऊन करतो. वाघांची गणती पावलांच्या ठशांवरून व्हायची तेव्हा त्याच्या हाताचा आख्ख्या रेंजमध्ये बोलबाला होता. पाणवठ्याच्या कडेला ठशावर काच ठेवायची, स्केचपेननं रेघ उमटवायची, मग ठशात प्लॅस्टर ओतायचं. नुसत्या रेघेवरून तो सांगे, ही मादी आहे, ही लंगडते, ही पोटुशी आहे. नवख्या पोरांना तो एकच गोष्ट शिकवायचा: कोणी कितीही शपथा घेऊन सांगो की मी वाघ पाहिला, ठसा दाखव म्हणायचं. ठसा नाई तं जनावर नाई. घरीही तेच. संध्याकाळी दारात बूट काढता काढता तो माझ्या कपाळाकडे बघायचा. भुवयांच्या मधे दोन उभ्या आठ्या असल्या तर दुखणं साधं, वर तिसरी आडवी चढली तर मोठं. "आज तीन हाये," म्हणायचा, आणि दिवे मालवायचा, टीव्ही बंद करायचा, फ्रिजमधलं गार पाणी काढून पंच्याची घडी करायचा. त्याचा हात रानात फिरून राठ झालेला, पण त्या हाताला कुठे किती दाबायचं ते कळे. मैत्रिणी म्हणायच्या, नवरा असावा तर असा. मला गर्व होता. मला वाटायचं, हा मला वाचतो. मी बोलायचीच सोडून दिली. अकरा वर्षांत ‘माझं डोकं दुखतंय’ हे वाक्य मी त्याच्यासमोर उच्चारलं असेन की नाही, शंका आहे.

गेल्या पोळ्यानंतर आम्ही नागपूरला गेलो. गोळ्या सगळ्या करून झाल्या होत्या. महिन्यात बरे दिवस बोटावर मोजण्याइतके उरले होते. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. म्हणाले, हे बोट्युलिनम नावाचं विष आहे, कुजलेल्या डबाबंद अन्नातून होतं, पण आपण देतो ते इतकं थोडं की त्यानं फक्त स्नायू सैल पडतात, आणि बाहेरच्या देशांत असं दिसलंय की काही जणांची जुनी डोकेदुखी त्यानं कमी होते. सगळ्यांची नाही. सिनेमातल्या बायका सुरकुत्या घालवायला घेतात तेच औषध. घनश्याम हसला, "म्हंजे हिरोइन बनवता काय साहेब हिले?" बर्फाच्या डब्यातून बाटली निघाली. बारीक सुई, पण किती वेळा! भुवयांच्या मधे, कपाळावर ओळीनं, कानशिलांत, डोक्याच्या मागे, मानेत, खांद्यात. प्रत्येक टोचणीला कातडीत वाळूचा कण फुटल्यासारखा बारीक आवाज व्हायचा, तो मला आतून ऐकू यायचा. घनश्यामनं माझा हात धरला होता. डॉक्टर म्हणाले, चोळायचं नाही, आजचा दिवस आडवं पडताना जपायचं, आठ-दहा दिवसांनी कळेल, तीन महिने टिकेल. आणि मला उद्देशून म्हणाले, "दुखलं तर दुखतं असं स्पष्ट सांगायचं, ताई. आम्हाला दुसरं काही साधन नाही."

पुढे काय झालं ते नीट सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं मी कृतघ्न आहे. आधी कपाळ जड झालं, पापण्यांवर ओलं फडकं ठेवावं तसं. मग ते हलेना. मी आरशासमोर उभी राहून रागवून बघायची. डोळे रागवायचे, ओठ रागवायचे, वर मात्र सामसूम. हसूही आलं. आणि दुखणं खरंच गेलं. पंधरा दिवस गेलं. त्या पंधरा दिवसांत मी फोडणीचा वास घेतला, दुपारी खिडकी उघडी टाकून बसले, ऑफिसातून येताना पायी आले. घनश्यामनं पेढे वाटले. मग एका सकाळी डाव्या भुवईच्या आत, हाडाला लागून, ते पुन्हा सुरू झालं. तेच, तसंच, ओळखीचं. जिवावर आलं, पण घाबरले नाही. संध्याकाळी तो येईल, बघेल, आणि मग पुढचं पुढे. तो आला. बूट काढता काढता त्यानं नेहमीसारखं वर पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "साफ," तो म्हणाला, आणि टीव्हीचा आवाज मोठा केला. मी भिंतीला धरून उभी होते. मला वाटलं, आता बघेल, जरा वेळानं बघेल. जेवताना बघेल. त्यानं बघितलंही, दर वेळी खूश होऊन.

दुसऱ्यांदा नागपूरला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "काय ताई, किती फरक?" मी शब्द जुळवत होते. मला अजून सवय नव्हती, दुखणं बोलून दाखवायची. तेवढ्यात शेजारून घनश्याम म्हणाला, "साफ गेलं साहेब. एकदम साफ. पाहा ना तुमीच." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी घनश्यामकडे पाहिलं. तो इतका आनंदला होता, अकरा वर्षांचा शीण उतरल्यासारखा, की मीही मान डोलावली. बसमध्ये सांगू असं ठरवलं. वरोरा मागे पडल्यावर सांगितलं. "अवो, दुखते अजून. मधे गेलं होतं, आता परत आलं." त्यानं माझी हनुवटी धरून चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि बारकाईनं, मन लावून पाहिलं. ज्या नजरेची मला इतके दिवस ओढ लागली होती ती हीच. "कुठी?" तो म्हणाला. "काईच नाई दिसत. बसचा तरास झाला असंन तुले." आणि माझा गाल थोपटून त्यानं डोळे मिटले. बस धक्के खात होती. मी खिडकीबाहेरच्या कपाशीकडे बघत होते. मला वाटलं होतं हा माझ्यावर विश्वास ठेवतो. त्यानं विश्वास ठेवला होता तो माझ्या कातडीवर. आजवर माझं खरं ठरलं ते आठ्यांनी साक्ष दिली म्हणून. त्यांना मी स्वतः पैसे देऊन, सुया टोचून घेऊन गप्प केलं होतं.

रिक्षात कपाळ आपटलं ते मंडईच्या आठवड्यात. घरी आले तर घनश्याम पिशव्या भरत होता. यंदा साधना येणार, ती बरी झाली, असं त्यानं गावभर सांगून ठेवलं होतं. माझ्या माहेरी निरोप धाडून आईलाही बोलावून घेतलं होतं. मी म्हटलं, "मले जमनार नाई. डोकं दुखून राह्यलं." तो पिशवीची गाठ मारत म्हणाला, "साधना, अकरा वर्षं मी तुह्यासाठी घरच्यांशी भांडलो. आता तं तू चांगली हायेस. माह्या मायलेही वाटते ना, सुनेनं यावं." यात त्याचं काय चुकलं, सांगा. तो खरंच भांडला होता. मी गेले. त्याच अंगणात तीन चुली, तोच लाऊडस्पीकर, आणि मी कढईपुढे. दुपारी उजेडाला धार आली. मी दोनदा गोठ्यामागे जाऊन ओकून आले आणि तोंड धुऊन पुन्हा बसले. आई आली. मला वाटलं, हिनं तरी. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, लहानपणी धरायची तसाच, आणि तिचे डोळे भरून आले. "किती चांगली दिसून राह्यली माही पोरगी," ती म्हणाली. "देव पावला वो." मी तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. तिला वाटलं, आनंदानं.

त्याच वेळी माझी मोठी जाऊ गिरजाबाई डोक्याला फडकं बांधून ओसरीवर आडवी झाली. गिरजाबाईचं कण्हणं पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. "अवं माय वं, मेले वं," असं तिनं सुरू केलं की आंधळ्यालाही रस्ता सापडावा. सकाळी ती दंडारीपुढे टाळ्या पिटत होती. आम्ही दोघं वर्षानुवर्षं तिला हसलोय. दोघं म्हणजे मी आणि घनश्याम. तो तिच्या नकला करायचा आणि मी पोट धरून हसायची. आणि आता मी कढईपुढून बघितलं तर घनश्यामच बामची डबी घेऊन तिच्याकडे निघाला होता. "वहिनी, लई दुखते काय?" मी उठले. त्याला गाठलं, गोठ्याच्या सावलीत नेलं. जे कधी केलं नव्हतं ते केलं, त्याच्या सदऱ्याची बाही धरली. "अवो, तुमाले माही शपथ हाये. खरंच दुखून राह्यलं. मले निजू द्या." तो थांबला. माझ्या कपाळाकडे बघितलं, रिक्षातलं टेंगूळ तोवर बसलं होतं, आणि त्याच्या तोंडावर एक विचित्र, दुखावलेला भाव आला. हळूच म्हणाला, "साधना, काम नसंन करायचं तं नको करू. पन माह्याशी खोटं नको बोलू. तू तं तशी नोयती." तो रागावला नव्हता. त्याला वाईट वाटलं होतं. त्याला वाटत होतं की फसवणूक त्याची होतेय. मी बाही सोडली आणि भजी तळायला गेले.

चंद्रपूरला परतल्यावर आम्ही दोघं फार चांगले वागलो. तो माझ्याशी जपून बोलायचा, मी त्याला वेळेवर जेवायला वाढायची. दुखलं तर मी ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून त्याखाली डोकं धरायची आणि पदरानं पुसून बाहेर यायची. मग एका रविवारी जाग आली तर डोकं रिकामं होतं. असे दिवस क्वचित येतात. आत कुठेही काही नाही, नुसती हवा; थंडीचं ऊन खाटेवर पडलेलं आणि ते सोसत होतं. घनश्याम घरी होता, बाहेर मोटरसायकल पुसत होता, शीळ घालत होता. मी मेथी निवडत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की त्याला हाक मारावी, बाहेर ये, ऊन बघ म्हणावं. हाक मारायला मी तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "अवं माय वं." मी ठरवलं नव्हतं. निदान मला तसं वाटतं. ऐकून मीच चकित झाले. मग दुसऱ्यांदा काढलं, मोठ्यानं. मेथी सांडली. मी फरशीवर आडवी झाले, डोकं दोन्ही हातांत धरलं, पाय झाडले, "मेले वं, मेले." गिरजाबाईचा एकही सूर चुकवला नाही.

फडकं टाकून तो धावत आला. पेट्रोलचा वास आला. "साधना! काय झालं? डोकं? डोकं दुखते?" त्यानं मला उचलून खाटेवर ठेवलं, खिडक्या लावल्या, पडदे ओढले, ते सुंदर ऊन एका झटक्यात घालवून टाकलं. फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज, पाण्याचा आवाज. थंडगार घडी कपाळावर आली आणि मग त्याचा हात आला. तोच राठ हात, कुठे किती दाबायचं ते जाणणारा. किती आठवडे मी या हातासाठी झुरत होते! फोनवर तो डॉक्टरांना सांगत होता, "साहेब, लई दुखून राह्यलं तिले, तडफडून राह्यली, काय करू?" त्याचा आवाज फाटला होता. फोन ठेवून तो माझ्या उशाशी बसला आणि रडायला लागला. "येवढं दुखते तं सांगत काऊन नाई तू मले?" तो म्हणत होता. "मी काय परका हाव? एक डाव सांगाचं ना." मी डोळे मिटून घेतले. सांगावं का याला, या क्षणी, उठून बसून, हसून? पण मग यापुढे याला काय दाखवणार होते मी? हेही गेलं तर माझ्याजवळ काय उरत होतं? सांगितलेलं त्याला पोचत नव्हतं. पोचलं ते हे. अंधारात त्याचे अश्रू माझ्या गालावर पडत होते, ते खरे होते, आणि मला त्याची भयंकर कीव आली, आणि त्याहून माझी.

बऱ्याच वेळानं त्यानं वाकून विचारलं, "कमी झालं काय वं थोडं?"

माझं डोकं त्या दिवशी अजिबात दुखत नव्हतं. मी म्हटलं, "नाई. अजून दाबा."